हाफ मॅरेथॉनसाठी पळतेय, पण वर्गणी मागायला तोंड उघडत नाही. काय करू?

डबेवाली_राजारामपुरी:

कोल्हापुरात राजारामपुरीत माझी घरगुती मेस आहे. विद्यापीठाची पोरं, बँकेतली मंडळी आणि सीपीआर या सरकारी दवाखान्यात पेशंट घेऊन आलेली बाहेरगावची माणसं, अशांचे डबे जातात. वय चव्वेचाळीस. शाळेत खो-खो खेळायचे, त्यानंतर पळणं असं काही नव्हतंच, ते थेट या पावसाळ्यात सुरू झालं.

चंदगडकडचं एक जोडपं दर तीन आठवड्यांनी माझ्याकडून डबा नेतं. त्यांच्या मुलाला थॅलेसेमिया मेजर आहे, म्हणजे अंगात रक्त नीट तयार होत नाही, म्हणून रक्त चढवायला आणतात. आठ-नऊ वर्षांचं पोरगं, पण माझ्या आमटीला नावं ठेवतं, तिखट कमी पडतं म्हणून! त्याच्या आईकडनं कळलं की अशा मुलांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेचा पळणाऱ्यांचा ग्रुप आहे. निवृत्त फौजी आहेत, त्यांना सगळे सुभेदार सर म्हणतात, ते चालवतात. मंगळवार-गुरुवार पहाटे रंकाळा, रविवारी विद्यापीठाच्या आवारात लांबचं पळणं, कधीमधी पन्हाळ्याच्या रस्त्यावर. जानेवारीत मुंबईची हाफ मॅरेथॉन आहे. माझं नाव घालून झालंय.

आता अडचण. सरांचा नियम असा की प्रत्येकानं संस्थेसाठी ३०,००० रुपये जमवायचे, आणि एका माणसाकडनं १,००० च्या वर घ्यायचे नाहीत. स्वतःचे घालून मोकळं व्हायचं नाही. म्हणजे कमीत कमी तीस दारं. कारण विचारलं तर म्हणाले, "दारात गेल्यावर कळंल." त्यापुढं काही बोलत नाहीत.

मी भिशी चालवते, महिना संपला की पोरांच्या मागं लागून डब्याचे पैसे वसूल करते. तिथं काही वाटत नाही, कारण ते माझे कष्टाचे असतात. पण "मी पळणार आहे, पैसे द्या" हे काही तोंडातनं निघत नाही. गणपतीत तालमीची पोरं पावतीपुस्तक घेऊन दारात येतात, त्यांना कोण विचारत नाही तुम्ही काय करणार म्हणून. मला मात्र पहिला प्रश्न हाच येणार, की बाई, तुझ्या पळण्यानं त्या पोराला काय मिळणार? घरात तर आलाच आहे. मालक म्हणाले, "द्यायचेत तर सरळ देऊन टाक की, पहाटे उठून घाम कशाला गाळतीस?" मला उत्तर सुचलं नाही. भाकऱ्या थापत राहिले.

त्यात मी हळू. किलोमीटरला नऊ-साडेनऊ मिनिटं. संध्यामठापासनं सगळे एकत्र निघतो आणि थोड्याच वेळात मी आणि रंकाळ्याचे फिरायला आलेले आजोबा एवढेच उरतो. त्यातले काही आजोबा पुढं जातात. लोकांकडनं पैसे घेतले आणि मुंबईत मला मधेच गाडीत घालून आणलं, तर ते परत द्यायचे का?

शिवाय सकाळी पलंगावरनं पाय खाली टाकला की उजव्या टाचेत सणक जाते. थोडं चाललं की कमी होते, आणि रात्रीचा स्वयंपाक उरकेपर्यंत पुन्हा ठणकायला लागते.

आणखी एक. धाकटे दीर दुबईत आहेत. भाचा अमेरिकेत, तो तिकडचाच नागरिक झालाय. दोघं पैसे पाठवतो म्हणतात. चालतं का असं? स्पष्ट बोललात तरी चालेल, मेस चालवणाऱ्या बाईला ऐकायची सवय असते.


सागरमाळ_पहाट:

ताई, नऊ मिनिटांनी गेलात तर २१.०९७ किलोमीटर तीन तास दहा मिनिटांत होतात, साडेनऊनं तीन तास वीस. यात लाजायचं काही नाही. शर्यतीच्या नियमपत्रकात कमाल वेळ दिलेली असते, ती आधी वाचा. ती वेळ तुम्ही रेघ ओलांडल्यापासनं मोजतात की सुरुवातीच्या इशाऱ्यापासनं, तेही बघा. मागच्या घोळक्यात उभं राहिलं की रेघेपर्यंत पोचण्यातच बरीच मिनिटं जातात.

माझा सल्ला: चार मिनिटं पळा, एक मिनिट चाला, आणि हे पहिल्या किलोमीटरपासनं करा. दम लागल्यावर नाइलाजानं चालणं वेगळं, ठरवून चालणं वेगळं. १९७२च्या ऑलिंपिकमध्ये १०,००० मीटर धावलेले जेफ गॅलोवे यांनीच ही पद्धत रूढ केली, तेव्हा कुणी हसलं तर हसू दे. बाकी दिवशी वेग एवढाच ठेवा की शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. तुम्ही स्वयंपाक करणाऱ्या, तुम्हाला कळेल: पांढऱ्या रश्श्याला मोठी आच दिली की तो फाटतो. पोरांच्या मागं धावलात की तसंच होतं आणि मग गुरुवार वाया जातो.

रविवारचं अंतर दर आठवड्याला किलोमीटर-दीड किलोमीटरनं वाढवा, तीन आठवडे वाढवलं की चौथ्याला उतरवा. सतरा-अठरापर्यंत पोचलात की पुरे. शर्यतीच्या आधी दोन आठवडे कमी करत आणायचं. त्या काळात पाय शिवशिवतात, "आणखी एकदा पळून बघू" असं वाटतं. बघू नका.

आता खरी भीती सांगतो. ऊस सुरू झालाय. पन्हाळ्याच्या रस्त्यावर पहाटे ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या, मागं दिवा नाही, गाणी मात्र गावाला ऐकू जातील एवढी. मागची ट्रॉली वळणावर कुठं झुलेल ते ड्रायव्हरलाही माहीत नसतं. उजव्या बाजूनं, समोरची वाहनं दिसतील असं पळा, चमकणाऱ्या पट्ट्यांचं जाकीट घाला, कानात काही घालू नका. उजाडायच्या आत विद्यापीठाचं आवार सोडूच नका, असं मी म्हणेन. वाघबीळच्या पुढं चढ लागला की सरळ चाला.

मुंबईत थंडी नसते. आपल्याकडं जानेवारीत पहाटे कानटोपी लागते आणि हवा कोरडी. तिथं दमट. घाम वाळत नाही, अंग तापतं, त्यामुळं नेहमीच्या वेगालाही छातीत जास्त धडधडतं. पहिले पाच किलोमीटर मुद्दाम हळू जा. माहीमच्या रेतीबंदरावरनं निघून सी-लिंकवर आलात की वारा आणि देखावा बघून पाय आपोआप उचलतात, तिथं आवरा. पेडर रोडचा चढ विद्यापीठातल्या चढापुढं काही नाही, पण तो उशिरा येतो, तेव्हा पाय उरलेले नसतात.

पाणी तहानेप्रमाणं. प्रत्येक टेबलावर ग्लासच्या ग्लास रिचवू नका, नुसतं पाणी फार झालं की रक्तातलं सोडियम उतरतं आणि ते दम लागण्यापेक्षा वाईट. एवढ्या वेळाच्या पळण्यात तासाला ३० ते ६० ग्रॅम साखरेचं काहीतरी पोटात जावं लागतं. पळणारे खातात ती साखरेच्या जेलची पाकिटं महाग. आपल्याकडं गुऱ्हाळं चालू आहेत, चांगल्या गुळाचे खडे कागदात बांधा, सोबत चिमूट मीठ. फक्त रविवारच्या पळण्यात आधी खाऊन बघा, शर्यतीच्या दिवशी पोटावर नवे प्रयोग नकोत. आणि गंगावेशीत कट्ट्यावरचं धारोष्ण दूध पिऊन पळायला येणारे मी बघितलेत. ते कुठं थांबले हेही बघितलंय.


टाच_आणि_गुडघा:

मी फिजिओथेरपिस्ट आहे. न तपासता निदान करत नाही, पण सकाळच्या पहिल्या पावलाला टाचेत सणक आणि चालल्यावर आराम, हे तळव्याच्या जाड पडद्याच्या दुखण्याचं ठरलेलं लक्षण. प्लांटर फॅसायटिस म्हणतात.

तुम्ही पळण्याला दोष देताय, मला तुमचा ओटा दिसतोय. फरशीवर अनवाणी रोज किती तास उभ्या असता? पळणं आठवड्यातनं तीन दिवस, उभं राहणं सातही दिवस. आधी स्वयंपाकघरात घालायला जाड, मऊ तळाची वेगळी चप्पल घ्या. देवघर आणि ओटा एकाच खोलीत आहे म्हणून अनवाणी वावरणाऱ्या पेशंट माझ्याकडं खूप येतात. देवाला यात हरकत नसावी. बाहेर जाताना कोल्हापुरी चप्पल काही दिवस बाजूला ठेवा, तळ सपाट आणि कडक असतो.

पलंगावरनं उतरण्याआधी टॉवेल तळव्याला अडकवून पंजा स्वतःकडं ओढा, अर्धा मिनिट, तीन-चार वेळा. भिंतीला हात टेकून पोटरीचा ताण, एकदा गुडघा सरळ ठेवून, एकदा वाकवून, दोन्ही लागतात. रात्री पाण्याची गोठवलेली बाटली तळव्याखाली फिरवा. बुटांचं आयुष्य साधारण ५०० ते ८०० किलोमीटर, तुमचे नवे असतील तर तो प्रश्न नाही. विश्रांतीतही दुखायला लागलं, सूज आली किंवा टाच दोन्ही बाजूंनी दाबल्यावर कळ आली, तर पळणं थांबवून दाखवा. तसं दुखणं हाडाचं असू शकतं.


गंगावेस_गडी:

मावशी, राग मानू नका, पण तुमचं मालक बरोबर बोलत्यात. मी बी पळतोय, सोत्तासाठी. ह्या असल्या चॅरिटीत संस्था बिब, म्हंजे छातीवरचा नंबर, घेती, त्याला पैसं मोजती, मग माणसं गोळा करून मुंबईला न्हेती, लॉज, टी-शर्ट, फोटू. तीस हजारातलं पोरापत्तुर किती पोचतंय ते आधी इचारा. आणि थॅलेसेमियाच्या पोरास्नी सरकारी रक्तपेढीत रक्त फुकट मिळतंय की! मग पैसं कशाला लागत्यात? पळा की झ्याक, पण पळण्याच्या नावानं लोकांच्या खिशात हात कशाला?


हिशेबनीस:

गड्याचा प्रश्न रास्त आहे, तो विचारलाच पाहिजे. संस्था धर्मादाय आयुक्तांकडं नोंदलेली आहे का, मागच्या वर्षीचा लेखापरीक्षण अहवाल दाखवते का, एवढं बघितलं की निम्मं कळतं.

ताई, सर्वांत महत्त्वाचं, एक रुपयाही स्वतःच्या खात्यात किंवा तुमच्या मेसच्या क्यूआर कोडवर घेऊ नका. डब्याचे पैसे आणि देणगी एकाच खात्यात आली की तुमचं उत्पन्न कुठलं आणि संस्थेचं कुठलं, हे सांगता सांगता नाकी नऊ येतील. संस्थेचा क्यूआर छापून घ्या, लोकांना तिथंच पाठवायला सांगा. रोख कुणी दिलीच तर जागेवर संस्थेची पावती फाडा. वहीत नाव, रक्कम, पावती क्रमांक. भिशी चालवता, तुम्हाला हे शिकवायला नको.

देणगीवरची प्राप्तिकराची सवलत हवी असेल त्यांचा पॅन घ्या. संस्थेला ती मान्यता असली तर वर्ष संपल्यावर ती देणगीचं प्रमाणपत्र देते. २,००० च्या वर रोख दिली तर सवलत नाही, तुमच्या हजाराच्या नियमात तो प्रश्नच येत नाही. ज्यांनी नवी करप्रणाली घेतलीय त्यांना ही वजावट मिळत नाही, तेव्हा "टॅक्स वाचेल" असं सरसकट सांगत फिरू नका.

दुबईचे दीर भारतीय पासपोर्टवर असतील तर त्यांनी स्वतःच्या बचतीतनं बँकेमार्फत दिलेली रक्कम कायद्यानं परदेशी देणगी ठरत नाही. भाच्याचं वेगळं. तो अमेरिकेचा नागरिक, भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते ओसीआय कार्ड असलं तरी परदेशीच धरतात. त्याच्याकडनं घ्यायला संस्थेकडं एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणगीच्या कायद्याखालची, नोंदणी लागते, आणि पैसे दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यातच यावे लागतात. नोंदणी नसेल तर नम्रपणे नाही म्हणा. त्याचे पैसे तुमच्या खात्यात मागवून पुढं द्यायची युक्ती कुणीतरी सुचवेल, ती करू नका.

शर्यत अर्धवट राहिली तर परत द्यायचे का? नाही. ही देणगी आहे, पैज नव्हे. फक्त मागताना "पूर्ण करणार" असं म्हणू नका, "भाग घेणार" म्हणा.


डबेवाली_राजारामपुरी:

सगळ्यांना उत्तर द्यायला उशीर झाला, दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी होत्या.

गड्या, राग नाही. तुझे प्रश्न जसेच्या तसे सरांपुढं ठेवले, तुझ्या भाषेतच. शर्यतीची फी, रेल्वे, राहणं प्रत्येकाच्या खिशातनं आहे. टी-शर्ट नाही, आपापले घालायचे, म्हणून आमचा ग्रुप लांबनं वरातीला निघाल्यासारखा दिसतो. संस्थेचा अहवाल त्यांनी फोनवर लगेच पाठवला.

रक्त फुकट मिळतं हे खरं. पण दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवायचं, जन्मभर. चंदगडनं यायचं, बापाचा त्या दिवसाचा रोजगार बुडतो. दुसऱ्याच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी अडवायला फिल्टर लागतो. आणि सारखं रक्त घेऊन अंगात लोह साठतं, ते हृदयात आणि यकृतात जाऊन बसतं. ते काढायला रोज गोळ्या, ते किती साठलंय बघायला फेरिटिनची तपासणी. संस्था गोळ्या आणि फिल्टरचा खर्च करते. एवढं मला आता पाठ झालंय, कारण दारोदार सांगावं लागतंय.

हो, मागायला लागले. पहिल्यांदा आमच्या किराणावाल्यांकडं गेले, कारण तिथं मी उधार ठेवत नाही. मी सांगत होते तर त्यांनी मधेच विचारलं, "वहिनी, हा रोग लागतो का?" म्हटलं, लागत नाही, आईबापाकडनं येतो. दोघंही वाहक असले तरच. वाहकाला स्वतःला काही त्रास नसतो, त्यामुळं कळतच नाही. दोघं वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता मूल मेजर व्हायची. हे चंदगडच्या वहिनींनी मला सांगितलेलं, मी किराणावाल्यांना सांगितलं. त्यांनी वजनकाटा थांबवला. पोराचं लग्न ठरलंय त्यांच्या, तुळशीच्या लग्नानंतरचा मुहूर्त आहे. "म्हणजे हे आधी बघता येतं?" येतं की, एचबीए२ नावाची रक्ताची तपासणी असते, एकाची केली आणि तो वाहक निघाला नाही तर विषय तिथंच संपतो. त्यांनी पुडीच्या कागदावर तपासणीचं नाव लिहून घेतलं आणि मग ५०० रुपये पाठवले. मी पळणार आहे हे तर मी सांगितलंच नव्हतं अजून! सांगितलं तेव्हा हसले. "तुम्ही? पळणार?" तेवढ्यात गिऱ्हाईक आलं, त्यालाही त्यांनीच सांगितलं की ह्या वहिनी मुंबईला पळायला चालल्यात. तिथं थांबून मला पुन्हा सगळं पहिल्यापासनं सांगावं लागलं.

तर मालकांना आता उत्तर देता येतं. मी गुपचूप चेक दिला असता तर किराणावाल्यांच्या पोराच्या रक्ताचा विषय कशाला निघाला असता? चव्वेचाळीस वर्षांची मेसवाली पळणार म्हटलं की माणूस थांबतो, आणि थांबला की ऐकतो. सर फौजी आहेत, पण डोकं आहे त्यांना.

सगळीकडं असं गोड झालं नाही. एकानं तोंडावर सांगितलं, "२०१९च्या पुरात जमवलेल्या पैशाचा हिशेब अजून कुणी दिला नाही, आता तुम्ही आलात." मी म्हटलं, तो हिशेब माझ्याकडं नाही, हा आहे, आणि वही पुढं केली. बघितली, दिलं काही नाही. एका बाईंनी १,००० दिले आणि माझ्यासोबत फोटो काढून स्टेटसला ठेवला, तिथं मी आटा मळलेल्या हातांनी उभी आहे. डब्याच्या पोरांनी पन्नास-पन्नास दिले, आणि आता डबा उशिरा गेला की म्हणतात, मावशी पळत आणा.

फिजिओ मॅडम, चप्पल घेतली. सासूबाईंनी दोन दिवस ओट्याकडं बघितलं नाही, मग त्यांनीच विचारलं की त्यांच्या मापाची मिळते का. सकाळची सणक निम्म्यानं कमी आहे.


गंगावेस_गडी:

टेस्टचं पटलं मावशी. पळायचं अजून पटलं न्हाई. १०१ पाठवलेत, पावती द्या. आणि आमच्या तालमीतल्या दोघा पोरांची लग्नं हायत, त्येंच्या कानावर घालतो. त्या टेस्टला उपाशी पोटी जावं लागतंय का?


टाच_आणि_गुडघा:

नाही, खाऊन गेलं तरी चालतं. पण रक्त चढवून थोडेच दिवस झाले असतील तर निकाल फसवा येतो, ते आधी सांगायचं.


डबेवाली_राजारामपुरी:

हिशेबनीस साहेब, दिरांनी बरोबर १,००० पाठवले आणि वर विचारलं, हा नियम कुणी काढला. संस्थेकडं एफसीआरए नाही, भाच्याला तसं कळवलं. तर नणंदबाई म्हणाल्या, त्याचं राहू दे, माझे घे. त्यांचा पासपोर्टच नाही, तेव्हा प्रश्न मिटला.

सागरमाळ दादा, चार-एकचं जमतंय. आजोबा अजून पुढं जातात, पण आता शालिनी पॅलेसपाशी गाठते त्यांना. गूळ चालला. पहिल्या वेळी मीठ जास्त पडलं.

मुंबईचा बिब शर्यतीच्या आधी स्वतः जाऊन घ्यावा लागतो, म्हणून शुक्रवार रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस काढलीय. शनिवार ते सोमवार डबे बंद, तशी चिठ्ठी डब्यांबरोबर आत्ताच फिरवली, नाहीतर पोरं ऐनवेळी बोंबलतात. एकच विचारायचं आहे: शनिवारी रात्री साधा वरण-भात कुठं मिळेल? इतक्या वर्षांत दुसऱ्याच्या हातचं जेवायची वेळच आली नाही, त्यामुळं मला काही माहीत नाही.


सागरमाळ_पहाट:

सीएसएमटीपर्यंत जाऊ नका, दादरला उतरा. माहीम तिथनं जवळ आहे, पहाटे निघायला सोपं पडतं. दादरला मराठी खानावळी भरपूर आहेत, स्टेशनच्या पश्चिमेला कुणालाही विचारा. संध्याकाळी सातच्या आत जेवून घ्या आणि तिथल्या आमटीला तिखट कमी पडलं तरी ठेचा मागू नका.